भृंगी, डार्विन आणि संत्र्यावरची कोळशी

मंडळी, कीटभृंगन्याय तुम्ही कीर्तनात ऐकलेला असणार. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर करते, त्यात अळी कोंडते. अळी भीतीपोटी त्या माशीचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतः माशी होऊन बाहेर पडते. भक्त देवरूप होतो तो असा. दृष्टांत सुंदर आहे. पण इथे अलिबागच्या एखाद्या वाडीतल्या पोराने ते घर फोडून पाहिलं, तर त्याला दुसरंच दिसेल. कुंभारणीने अळीला डंख मारून लुळी केलेली असते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं.

कुंभारणीच्या चुलत बहिणी, इक्न्यूमॉन जातीच्या गांधीलमाश्या, जिवंत अळीच्या अंगातच अंडी घालतात. 1860 च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विनने एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं, की असले जीव दयाळू ईश्वराने मुद्दाम घडवले असतील हे मला पटत नाही. आपल्याकडे मोक्ष दिसला, त्याला क्रौर्य दिसलं. अळीला कोणी विचारलं नाही, ते सोडा.

बागाईतदारांना तिसरंच दिसलं. विदर्भातले संत्रेवाले जिला कोळशी म्हणतात, ती एक काळी माशी. तिची पिल्लं पानाचा रस शोषतात, चिकट गोड पाणी सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड कोळसा फासल्यासारखं दिसतं. तिच्या शास्त्रीय नावात ‘वोग्लुमी’ आहे. हा वोग्लम अमेरिकी सरकारचा कीटकतज्ज्ञ. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांवरच्या पांढऱ्या माशीचा शत्रू शोधत तो 1910 मध्ये हिंदुस्थानात आला. लाहोरला त्याला एक सूक्ष्म गांधीलमाशी सापडली. ती बोटीने फ्लोरिडाला पोचली खरी, पण तिथे तेव्हा अंडी घालण्याजोगी पिल्लंच झाडांवर नव्हती. सगळी मेहनत पाण्यात!

कोळशी मात्र आशियातून निघून जमैका, क्यूबा करत 1935 साली मेक्सिकोत पोचली. तिचे शत्रू मागेच राहिले, म्हणून ती माजली. क्यूबात मलायाकडच्या गांधीलमाशीने काम केलं होतं; मेक्सिकोच्या कोरड्या भागात ती टिकेना. मग 1949-50 मध्ये भारत-पाकिस्तानातून दुसऱ्या जाती नेल्या. मिलिमीटरभर लांबीच्या त्या माश्यांनी काही वर्षांत तिथल्या बागा सोडवल्या.

मग आपल्याच विदर्भात ती का माजते? एक कारण फवारणीत आहे. कोळशीचा कोष कठीण, त्याला औषध सहज लागत नाही. उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी मात्र पहिल्या फवाऱ्यात मरते.

तुमच्या माडांशीही याचा संबंध आहे बरं का. पानामागे गोल चक्रात अंडी घालणारी पांढरी माशी 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला दिसली, आणि पुढे इतरत्र पसरली. तिच्या मागे एन्कार्सिया ही गांधीलमाशीही आली, कोणी मुद्दाम न आणता. म्हणून फवारणीचा पंप काढण्याआधी भिंग घ्या आणि पानामागची रिकामी कवचं पाहा. पांढरी माशी बाहेर पडली असेल तर इंग्रजी ‘टी’सारखी चीर दिसते. गांधीलमाशी निघाली असेल तर गोल भोक.