पाव आण्याचं तिकीट

जानेवारी १९३१. नाशिक रोडला उतरता तेव्हा थंडीनं दातावर दात वाजत असतात. टांगेवाले ‘पंचवटी, पंचवटी’ ओरडतायत. तिकडे काळाराम मंदिराच्या दारात गेल्या मार्चपासून सत्याग्रह चालू आहे, गांधीजी येरवड्यात आहेत, आणि तुम्ही चालला आहात सरकारच्या नव्या राजधानीची टपाल तिकिटं बघायला. पायीच निघा, ती छापणारा प्रेस जवळ आहे.

फाटकात झडती होते. आत शाईचा वास आणि यंत्रांची धडधड, त्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानची तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून बोटीनं यायची. आता ती इथं, गोदावरीच्या मुलखात छापली जातात.

समोरच्या तावावर नवी दिल्ली आहे. सहा तिकिटांचा संच, पाव आण्यापासून रुपयापर्यंत. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला इमारत. देशात चित्रांची स्मारक तिकिटं पहिल्यांदाच निघतायत. आण्याच्या तिकिटावर कौन्सिल हाऊस आहे, आणि आण्यातच साधं पत्र देशभर जातं. अर्ध्या आण्यावरची युद्धस्मारकाची कमान, म्हणजे आपलं इंडिया गेट. तिचं उद्घाटन १२ फेब्रुवारीला, तिकीट मात्र ९ तारखेलाच टपालात! उत्सवाची घाई म्हणतात ती हीच.

पण थांबा, भिंग घ्या. पाव आण्याच्या तावावर जुना किल्ला आहे आणि खाली इंग्रजीत ‘पुराणा किला’. ओळीमागून ओळ बघत जा. एका तिकिटावर ‘पी’चा चक्क ‘एफ’ झालाय. पुराणाचा फुराणा! बादशाही थाटात राजधानी मिरवायची आणि नेमकं तिथल्या पुरातन किल्ल्याचंच नाव बिघडवायचं, याला काय म्हणावं? ओरडून सांगायचा मोह आवरा. तुमचं कोण ऐकणार?

पुढे राजा जाईल, आणेही जातील.

तो ‘एफ’ मात्र टिकला. संग्राहक आज बिनचूक तिकिटापेक्षा त्यालाच जास्त भाव देतात. आजोबांच्या पेटीत जुनी पाकिटं असतील, तर फेकण्याआधी पाव आण्याच्या तिकिटाला एकदा भिंग लावून बघा.