पाइन टारचा साबण घरच्या घरी

पाइन टारचा साबण म्हणजे पाइन, अर्थात चीड जातीच्या वृक्षांच्या लाकडातून काढलेले डांबर मिसळून केलेला अंघोळीचा साबण. त्याचा रंग काळसर तपकिरी आणि वास चुलीतल्या धुरासारखा असतो. खाज, कोंडा आणि कोरडी त्वचा यांवर तो युरोप-अमेरिकेत दीर्घकाळ वापरला जात आहे. हिंगोली जिल्ह्यात पाइनचे झाड नाही. डांबर बाहेरूनच मागवावे लागते. बाकीचे साहित्य मात्र हिंगोली किंवा वसमतच्या बाजारपेठेत मिळण्याजोगे आहे. नवशिक्याची चूक होते ती दोन ठिकाणी: कोणते डांबर आणि किती सोडा.

मराठीत ‘डांबर’ हा शब्द फार सैल आहे. रस्त्यावर ओततात ते डांबर खनिज तेलापासून निघते, कोलटार दगडी कोळशापासून निघतो आणि कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या बहुधा नॅफ्थालीनच्या असतात. यांपैकी एकही वस्तू घरगुती साबणात घालू नये. पाइन टार रेझिनयुक्त लाकूड, विशेषतः मुळे आणि बुंधे, हवा कोंडून तापवल्यावर पाझरते. स्वीडनमध्ये हा मोठा व्यापार होता. तेथील एका कंपनीला १६४८ मध्ये निर्यातीची मक्तेदारी मिळाली आणि जहाजांची लाकडे व दोर यांना लावण्याचे हे डांबर ‘स्टॉकहोम टार’ या नावाने जगभर गेले. घोड्यांच्या खुरांना लावण्यासाठी ते आजही याच नावाने विकले जाते. खरेदी करताना डबा पाहावा. भट्टीत काढलेले शुद्ध पाइन टार असा स्पष्ट उल्लेख हवा. टर्पेंटाइन, रंग किंवा अन्य द्रावक मिसळलेले नको.

मराठवाड्यात ज्यांनी बिब्ब्याचे तेल काढताना पाहिले आहे, त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. मडक्यात बिब्बे भरून, तळाच्या छिद्राखाली भांडे ठेवून, वरून गोवऱ्यांचा जाळ करायचा आणि तेल खाली ठिबकू द्यायचे, हे पाताळयंत्र. तत्त्व एकच. मात्र पाइन टार मिळत नाही म्हणून बिब्ब्याचे तेल साबणात घालण्याचा विचारही करू नये. ते अंगावर उतते आणि फोड येतात.

आता सोडा. हिंगोलीच्या पश्चिमेला, रिसोडमार्गे गेले की लोणार लागते. तेथील डोंगरांत काच आणि साबण यांसाठी लागणारे सर्व पदार्थ मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त केली आहे. हा लोणारचा खार मुख्यतः सोडियम कार्बोनेट. म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचाच भाऊ. नुसत्या कार्बोनेटने तेलाचा चांगला साबण होत नाही. चुन्याच्या निवळीशी त्याची प्रक्रिया केली की तीव्र दाहक सोडा तयार होतो आणि तोच तेलाचे साबणात रूपांतर करतो. आज हे करावे लागत नाही. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पापडीच्या रूपात विकत मिळतो. धुण्याचा सोडा किंवा खाण्याचा सोडा त्याच्या जागी चालत नाही. मोरी मोकळी करण्याच्या पुड्याही घेऊ नयेत, काहींत ॲल्युमिनियमचा चुरा असतो. (लोणार सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तेथून खार आणण्याची हौस कोणी करू नये.)

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३७, एरंडेलाला ०.१२८, तर पाइन टारला केवळ ०.०४३ ग्रॅम. म्हणून वाटी-चमच्याचे माप येथे निरुपयोगी आहे. एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा डिजिटल काटा हवाच. पहिल्या घाण्यासाठी खोबरेल १७५ ग्रॅम, शेंगदाणा तेल २२५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम आणि पाइन टार ७५ ग्रॅम, असे एकूण ५०० ग्रॅम घ्यावे. या मिश्रणाला हिशेबाने ६९ ग्रॅम सोडा लागतो. आपण ६५ ग्रॅम घालायचा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण त्वचेला झोंबत नाही. पाणी १६५ ग्रॅम. एखादे तेल बदलले तर सारा हिशेब नव्याने करावा. शेजारणीने सांगितलेले ‘अंदाजाने घाला’ हे भाजीला ठीक.

पाणी कूपनलिकेचे नको. मराठवाड्यातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन साका तयार होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बाटलीवर नीट वाचून घ्यावे, कारण शेजारीच ॲसिडच्या बाटल्याही ठेवलेल्या असतात.

भांडी स्टीलची. जर्मनचे पातेले अजिबात चालणार नाही. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, उघड्या ओसरीवर किंवा गच्चीवर, मुलांना दूर ठेवून काम करावे. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. द्रावण तत्काळ अतिशय गरम होते आणि त्याची वाफ घशाला लागते. अंगावर थेंब उडाल्यास वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेल्यास धुणे चालू ठेवूनच डॉक्टर गाठावा.

नेहमीच्या साबणात तेल आणि सोडा घोटून मिश्रण दाट व्हायला बराच वेळ जातो. पाइन टारच्या साबणाला एवढा धीर नाही. डांबरात रेझिन आम्ले मोकळ्या स्वरूपात असतात आणि ती सोड्याशी लगेच जुळतात. मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होते, कधी पातेल्यातच गोळा होऊन बसते. त्यामुळे साचा आधीच कागद लावून तयार ठेवावा, सुवासिक तेले घालू नयेत, विजेवरची रवी न वापरता लाकडी किंवा सिलिकॉनच्या पळीने ढवळावे. डांबर कोमट तेलात आधी एकजीव करावे आणि तेल व द्रावण दोन्ही ३२ ते ३५ अंश सेल्सिअसवर आल्यावरच एकत्र करावे. येथेच हिंगोलीचे हवामान आड येते. मे महिन्यात घरातले तेलच याहून गरम असते. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवावे लागते. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढते आणि वड्यांना घाम सुटतो. पहिला प्रयत्न दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावा हे उत्तम. खोबरेल थिजलेले असेल तेवढे वितळवून घ्यावे.

साच्यातून साबण दोन-तीन दिवसांनी काढावा, हा साबण प्रारंभी मऊच असतो. वड्या कापून, हवेशीर सावलीत, एकमेकींना न चिकटवता चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. वर पांढरी भुकटी आली तर ती निरुपद्रवी असते, पुसून टाकावी. वडीच्या पोटात पाण्याचे कप्पे दिसले किंवा तेल वेगळे झाले असेल, तर तो घाणा अंगाला लावू नये. पीएच पट्टीवर ९ ते १० आकडा यावा. धुराचा वास या काळात बराच उतरतो.

हा साबण औषध नाही. लाकडी डांबरात फिनॉल वर्गाची द्रव्ये आणि काढण्याच्या पद्धतीनुसार काही घातक हायड्रोकार्बनेही असतात. लहान मुलांना तो लावू नये. मोठ्यांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडा लावून धुवावा आणि एक दिवस वाट पाहावी. सोरायसिस किंवा इसब असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच वापरावा. घरापुरता केला तर प्रश्न नाही. विक्रीसाठी करायचा असेल तर अंघोळीचा साबण हे सौंदर्यप्रसाधन ठरते आणि १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. वेष्टनावर ‘खाज बरी होते’ असे छापले तर तो दावा औषधाचा ठरून नियम आणखी कडक होतात.