धान्याच्या रुपयांतून पाणथळीचे संशोधन : भरतपूर प्रकल्प आणि विद्यार्थी-संशोधकांचे अर्थसहाय्य

प्रस्तावना

पाणथळ भूमीच्या परिसंस्थेचा अभ्यास हा मूलतः दीर्घकाळाचा अभ्यास होय. पावसाचे प्रमाण, पाण्याची पातळी, पाणवनस्पतींची वाढ आणि पक्ष्यांची वीण यांचे परस्परसंबंध एका हंगामात उलगडत नाहीत. अवर्षणाचे वर्ष आणि पुराचे वर्ष दोन्ही पाहावी लागतात. विद्यापीठीय संशोधकाचा काळ मात्र त्याच्या अधिछात्रवृत्तीने ठरतो. या दोन काळांचा मेळ कोणाच्या पैशाने बसला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाच्या आर्थिक पार्श्वभूमीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

रोगाच्या निमित्ताने आलेला पैसा

मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही दीर्घकाळ हौशी निसर्गअभ्यासकांची संस्था होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठाने तिला संशोधनाद्वारे पदव्युत्तर पदवीसाठी मान्यता दिली आणि डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी नोंदणी करू लागले. मान्यता मिळाली, तरी क्षेत्रीय अभ्यासासाठी विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे पोसणारा निधी संस्थेजवळ नव्हता.

तो आला एका साथीमुळे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली व माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या 'माकडतापा'चा विषाणू शोधून काढला. तो गोचिडांमार्फत पसरत होता आणि रशियातील एका विषाणूशी त्याचे साम्य होते. उत्तरेकडून येणारे पक्षी तर हे गोचीड आणीत नसतील ना, असा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्यासाठी सोसायटीला साहाय्य दिले. भरतपूरची तळी हे या कामाचे एक प्रमुख केंद्र ठरले. निधी देणाऱ्यास रोगाचे कारण हवे होते. पाणथळ भूमी ही केवळ पक्षी पकडण्याची सोयीची जागा होती.

पुढे अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय संशोधन यंत्रणेशी संबंधित कार्यक्रमातूनही या कामास पैसा मिळाला आणि त्याची किंमत संस्थेला मोजावी लागली. स्थलांतरित पक्ष्यांच्या अभ्यासाआडून जैविक युद्धासाठी माहिती गोळा केली जाते, असा संशय १९७४ च्या सुमारास वृत्तपत्रांतून व्यक्त झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये परदेशी सहकार्याच्या अशा प्रकल्पांवर कठोर टीका केली. पायातली कडी मोजणाऱ्या तरुण संशोधकाचा त्या राजकारणाशी काहीही संबंध नव्हता, तरी निधीच्या उगमाचा डाग कामावर पडला. अर्थसहाय्य कोठून येते हा प्रश्न नंतरच्या काळात केवळ लेखापालाचा राहिला नाही.

पी.एल. ४८० चे रुपये

अशा वातावरणात १९८० मध्ये भरतपूरचा जलजीवशास्त्रीय प्रकल्प पुन्हा अमेरिकी निधीवरच उभा राहिला. याचे कारण अन्नधान्याच्या इतिहासात आहे. १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' या अमेरिकी कायद्यान्वये भारताला गहू व मिलो विकला गेला. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला रेशनच्या दुकानातील ती लाल मिलो चांगली आठवते. धान्याची किंमत रुपयांत चुकती होत असल्याने अमेरिकेच्या खात्यात भारतीय चलनाची प्रचंड रक्कम साचली. १९७४ च्या करारान्वये तिच्यापैकी सुमारे १,६६४ कोटी रुपये भारतास अनुदान म्हणून परत देण्यात आले. उरलेले रुपये मुख्यतः भारतातच खर्च करायचे होते आणि त्यांतील काही हिस्सा अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेमार्फत संशोधनाकडे वळला.

रुपये बाहेर नेता न येण्याच्या या अडचणीतूनच दहा वर्षांचा पाणथळ अभ्यास शक्य झाला, हे विशेष होय. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० या काळात जल, वनस्पती, मासे, पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा एकत्रित अभ्यास झाला. प्रकल्पातील संशोधन-साहाय्यकांना मानधन, निवास आणि प्रबंधासाठी विषय हे तिन्ही एकाच ठिकाणी उपलब्ध झाले.

केवलादेव हे नैसर्गिक सरोवर नव्हे. भरतपूरच्या संस्थानिकांनी शिकारीसाठी अजान बांधाचे पाणी वळवून सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश राखला होता. १९८१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, तर १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून येथे गुरे चारण्यास बंदी झाली. ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला व काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. सालिम अली यांच्यासह अनेक निसर्गअभ्यासकांना चराई हानिकारकच वाटत होती.

अभ्यासाची सुरुवात बंदीच्या दोन वर्षे आधी झाली होती, हा निव्वळ योगायोग. त्यामुळे बंदीपूर्वीची व बंदीनंतरची स्थिती एकाच पद्धतीने नोंदली गेली. म्हशी गेल्यावर 'पास्पालम डिस्टिकम' हे गवत बेसुमार वाढले, उघड्या पाण्याचे क्षेत्र आक्रसले आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. म्हैस ही या परिसंस्थेचा एक कार्यकारी घटक आहे, असा निष्कर्ष १९९१ च्या अंतिम अहवालात आला. तो संस्थेच्या स्वतःच्या पूर्वीच्या भूमिकेविरुद्ध होता. १९८३ मध्ये सुरू झालेल्या तीन वर्षांच्या प्रकल्पाला तुलनेसाठी आधारच मिळाला नसता.

प्रकल्प संपल्यानंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पाची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची, तर बृहत् प्रकल्पाची तीन वर्षांची असे. कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून पाच वर्षे होतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून केंद्र शासनाने पाणथळ भूमींच्या संवर्धनाचा कार्यक्रम हाती घेतला व निवडक स्थळांसाठी निधी दिला. तथापि, व्यवस्थापन आराखड्यास पैसा मिळणे वेगळे आणि तीच गोष्ट त्याच जागी पंधरा वर्षे मोजणाऱ्यास मिळणे वेगळे.

भरतपूरच्याच नोंदींत याचा पुरावा आहे. प्रकल्पातील एक संशोधक डॉ. विभू प्रकाश यांनी शिकारी पक्ष्यांवर मुंबई विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. त्यासाठी गिधाडांची घरटीही मोजली गेली, तेव्हा त्यात निकडीचे असे कोणास काही वाटले नसावे. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या वीण करणाऱ्या ३५३ जोड्या तेथे होत्या. १९९६-९७ मध्ये पुन्हा गणना झाली तेव्हा १५० उरल्या होत्या आणि शतक संपता संपता त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. भारतातील गिधाडांच्या ऱ्हासाकडे जगाचे लक्ष वेधले ते या आकड्यांनी. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून प्रसिद्ध झाले आणि भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. ज्या दोन गणनांची तुलना केली गेली, त्यांच्यामध्ये नऊ वर्षांचे अंतर होते; त्यांपैकी बहुतेक वर्षे प्रकल्पाचा निधी संपल्यानंतरची होती.