चाक थांबलं म्हणजे गाडी थांबली का?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण पुणतांब्याच्या फलाटावरून करू. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं हे जंक्शन, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. गाडी धडधडत जाते आणि कधीकधी एखाद्या डब्याखालून ‘ठक्, ठक्, ठक्’ असा एकसारखा ठोका ऐकू येतो. ते चाक एका जागी चपटं झालेलं असतं. कधीतरी ब्रेक लागला, चाक फिरायचं थांबलं, पण गाडी पुढे जातच राहिली आणि रुळावर घासून पोलाद झिजलं. आजचा विषय त्या ठोक्यातच आहे.

हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, ब्रायटनच्या लोहमार्गावर, कॅप्टन डग्लस गाल्टन आणि एअर ब्रेकचे जनक जॉर्ज वेस्टिंगहाऊस मोजमापाची यंत्रं बसवलेला डबा घेऊन प्रयोग करत होते. वरवर पाहता वाटतं की ब्रेक जितका करकचून लागेल तितकी गाडी लवकर थांबेल. मोजमाप वेगळंच सांगत होतं. चाक फिरत असेपर्यंत रूळ त्याला चांगला धरून ठेवतो. ते जाम होऊन घसरू लागलं की तीच पकड एकदम कमी होते.

असं का होतं? धान्याचं भरलेलं पोतं ओढून पाहा. हलवायला जोर लागतो, एकदा सरकलं की सोपं जातं. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता जवळजवळ स्थिर असतो, जाम चाकाचा सरकत असतो. म्हणून चाक जाम होण्याच्या अगदी अलीकडे ब्रेक धरून ठेवणं, हीच खरी कला.

तत्त्व कळलं, पण ते मोटारीत यायला बरीच वर्षं लागली. चाक घसरायला लागतंय हे क्षणार्धात ओळखून ब्रेक सैल करणारं काहीतरी हवं होतं. १९५० च्या दशकात डनलॉप कंपनीचं मॅक्सारेट हे यांत्रिक साधन विमानांच्या चाकांना बसू लागलं. धावपट्टीवर चाक जाम झालं तर टायरच फुटू शकायचा. १९६६ मध्ये ते जेन्सन एफएफ या मोटारीत आलं. आणि १९७८ साली बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो आणि झडपा सेकंदाला अनेक वेळा ब्रेकचा दाब कमी-जास्त करतात. मुख्य फायदा हा की जोरात ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. जाम झालेलं पुढचं चाक हँडलचं ऐकत नाही. मोटारसायकलवर तर ते जाम झालं की माणूस खालीच.

आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. अनेकींत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. त्या नियमात त्याखालच्या गाड्यांना सीबीएस चालत होतं. म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक जाम होणं तो रोखत नाही. आणि गावात सगळ्यात जास्त दिसतात त्या शंभर-एकशेदहा सीसीच्याच गाड्या.

आता फलाटावरून रस्त्यावर येऊ. उसाचा हंगाम आहे. भिजलेल्या रानातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर सोडत जातात. ताशी ६० किलोमीटरचा वेग धरा. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.७ धरला तर गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्यावर ०.४ धरला तर ३५ मीटर. चिखलाच्या थरावर ०.२ धरला तर ७० मीटरच्या पुढे. त्याआधी ब्रेककडे पाय जाईपर्यंत, एक सेकंद धरला तरी, सतरा मीटर गेलेलेच असतात.

इथे एबीएस काय करेल? आहे तेवढी पकड नीट वापरेल, नवी पकड निर्माण करणार नाही. ती टायरच देतो, आणि मोटारीचा टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. टायरवरची नक्षी पाणी बाहेर काढण्यासाठी असते. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही छान धरतो, म्हणून तर आपण फसतो. पहिल्या पावसात तोच पाण्यावर तरंगतो. मोकळ्या खडीवर तर एबीएस असलेली गाडी थोडी लांब जाऊन थांबू शकते, कारण जाम चाकापुढे खडीचा ढीग साचून अडसर होतो, फिरत्या चाकापुढे तो साचत नाही.

इतिहासातला आणखी एक धडा म्युनिकचा. १९८० च्या दशकात तिथल्या काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात एकंदरीत कमी झाले नाहीत. चालक जास्त बेधडक चालवू लागले होते. यंत्राने दिलेली सवलत माणसाने वेगात खर्च केली.

म्हणून आम्ही एवढंच सांगू. घरी गेल्यावर गाडीच्या टायरच्या खाचांवर एकदा बोट फिरवून बघा. खाच बोटाला लागली नाही तर पाऊस येण्याआधी टायर बदला. आणि रस्त्यावर चिखल दिसला की वेग आधीच कमी करा, एबीएस असो वा नसो. चाक जाम झालं की गाडी थांबत नाही, हे १८७८ पासून मोजून ठाऊक आहे. ते कळण्यासाठी आता आणखी कुणी पडायची गरज नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.