'डोळा' ते 'डोया' : वऱ्हाडी जिभेचा इतिहास

अकोल्याच्या बाजारात 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' आणि 'शाळा' ही 'शाया'. या उच्चारावर 'अशुद्ध' असा शिक्का मारण्याची सवय जुनी आहे; चित्रपटांत तर तो हमखास हशा मिळवून देतो. हा दोष नेमका कोठे आहे, हे पाहायचे तर तोंडात डोकवावे लागते.

'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि हवा जिभेच्या कडांवरून निसटते. म्हणून तो मूर्धन्य. 'य' म्हणताना टोक खालीच राहते. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, पण टेकत नाही. म्हणून तो तालव्य. 'पाणी'चे 'पानी' होते तेव्हाही वळलेली जीभ अशीच सरळ होते. जीभ आळशी म्हणावी, तर 'डोया'तला 'ड' ती बिनचूक वळवून म्हणते. ट, ठ, ड, ढ शाबूत. ण आणि ळ तेवढे बदललेले. इतक्या नेमाने घडणाऱ्या गोष्टीला भाषाशास्त्र ध्वनिपरिवर्तन म्हणते. खानदेशातील अहिराणीतही 'डोया'च आहे. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे.

गंमत अशी, की ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'ळ' आहे आणि पुढच्या अभिजात संस्कृतात तो उरलेला नाही. त्या लोपाला कोणी गावंढळ म्हटल्याचे ऐकिवात नाही!

'संधी' हा शब्द आपल्याकडे वर्णांच्या जोडालाही आहे आणि हाडांच्या जोडालाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीराचे 210 संधी सांगितले असून त्यांचे आठ प्रकार केले आहेत. त्यांपैकी कंठातल्या संधींना 'मंडल' म्हटले आहे. आजचे शरीरशास्त्र सांगते, की स्वरयंत्रातील अंगठीसारख्या कूर्चेवर दोन चिमुकल्या कूर्चा सांध्यांवर फिरतात. त्या स्वरतंतूंना जवळ आणतात, तंतू कंप पावतात आणि 'क'चा 'ग' होतो, 'प'चा 'ब'. व्याकरणकारांनी यालाच घोष म्हटले. 'ळ' आणि 'य' हे दोन्ही घोष वर्ण आहेत. म्हणजे कंठातले सांधे अमरावतीत आणि पुण्यात सारखेच काम करतात. फरक पडतो तो जिभेत, जिला हाडच नाही.

ज्या अमरावती जिल्ह्याच्या बोलीला हसले जाते, त्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते याच परिसरात, आणि मराठी गद्याचा इतिहास त्या ग्रंथाला वळसा घालून लिहिता येत नाही. मराठी भाषा विद्यापीठही आता रिद्धपुरातच आहे. ग्रंथाच्या नावातला 'ळ' तेथील आजची बोली 'य' करते, इतकेच.

सुश्रुतसंहितेने जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना 'वायसतुंड' म्हटले आहे, म्हणजे कावळ्याची चोच. अकोल्यात त्या पक्ष्याला 'कावया' म्हणतात.