बिघाड यंत्रात की ड्रायव्हरमध्ये?

घरच्या संगणकाचा आवाज अचानक बंद झाला किंवा प्रिंटर प्रतिसाद देईनासा झाला, की यंत्रच निकामी झाल्याचा समज होतो आणि दुरुस्तीवर नाहक खर्च केला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो 'ड्रायव्हर'चा. ऑपरेटिंग सिस्टीम आणि जोडलेले उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

विंडोज १० व ११मध्ये 'स्टार्ट' बटणावर राइट क्लिक केल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' सापडतो. तेथे सदोष उपकरणाच्या नावाशी पिवळे उद्गारचिन्ह दिसते. त्या नावावर डबल क्लिक केल्यास बिघाडाचा क्रमांक कळतो.

कोड २२ : उपकरण बंद करून ठेवलेले आहे; ते 'एनेबल' करावे.
कोड २८ : ड्रायव्हर बसवलेलाच नाही.
कोड ३९ : ड्रायव्हर खराब अथवा गहाळ झाला आहे.
कोड ४३ : उपकरणाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवले आहे. येथे यंत्रातील दोषही संभवतो.

उपाय क्रमाने करावेत. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. संगणक पुन्हा सुरू करून केबल व यूएसबी पोर्ट बदलून पाहावा. नव्या अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास 'रोल बॅक ड्रायव्हर'ने आधीची आवृत्ती परत आणावी. तो पर्याय उपलब्ध नसेल, तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही गुण न आल्यास उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून मॉडेल क्रमांकानुसार ड्रायव्हर घ्यावा. सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर अद्ययावत करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी आज्ञावलींपासून दूर राहावे. त्यांच्या आडून व्हायरस शिरू शकतो.

अनेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालतात, म्हणून त्यांतील चूक संपूर्ण संगणक ठप्प करू शकते. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंपनीच्या ड्रायव्हरने वाचलेली एक सदोष फाइल त्यास कारणीभूत ठरली. 'सेफ मोड'मध्ये जाऊन ती काढून टाकणे, हा त्यावरील एक उपाय होता. घरचा संगणक निळ्या पडद्यावर अडकल्यासही सेफ मोडचाच आधार घ्यावा. त्यात केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर सुरू होतात.

विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीकडे वळण्यापूर्वी जुन्या प्रिंटर-स्कॅनरसाठी तिचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, याची खातरजमा करणे हिताचे.