जुन्या एंजिनांचा जीर्णोद्धार

परभणीहून परळीकडे निघालेली गाडी वाटेंत पोखर्णीस थांबते. येथें उतरणारे यात्रेकरू नरसिंहाच्या दर्शनास जातात, आणि पुढें जाणारे वैजनाथाच्या. परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला, हें तिकडे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या यंत्रांनीं यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्या वाहून नेल्या, त्यांचें पुढें काय झालें, हें आपण क्वचितच विचारतों. श्रोतेहो, आज त्याच प्रश्नाकडे आपणांस वळावयाचें आहे.

मराठवाड्यांत आगगाडी आली ती निजामाच्या राजवटींत. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या वाटेनें सिकंदराबादेकडे जाणारा गोदावरी-खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होतें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याचें रुंदीकरण होऊं लागलें, तेव्हां नुसते रूळ बदलले नाहींत. त्या मापाच्या एंजिनांना येथें जागाच उरली नाहीं. एंजिन कितीहि धडधाकट असो, पायाखालचा रूळ गेला म्हणजे तें मोडीच्या भावानें विकलें जातें.

हा अनुभव नवा नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशीं तीन एंजिनें जोडलेलीं होतीं. त्या दिवसाचें वर्णन आपण शाळेच्या पुस्तकांत वाचतों. परंतु त्या तिघांपैकीं एकहि एंजिन आज पाहावयास मिळत नाहीं. जें नित्य डोळ्यांसमोर असतें, तें जपून ठेवावें असें त्या वेळीं कोणालाच वाटत नाहीं.

एंजिनाचा नाश दोन वाटांनीं होतो. एक वाट उघड असते : अपघात, पूर, चोरी. दुसरी गुपचूप चालते. एंजिनाच्या पोटांत पुष्कळ नळ्या असतात. त्यांतून विस्तवाचा धूर व उष्ण वायु जातो आणि भोंवतालचें पाणी उकळतें. विस्तव कायमचा विझल्यावर आंत राख राहते. उघड्या धुराड्यांतून पावसाचें पाणी शिरतें, राख ओली होते, आणि कोळशांतील गंधकामुळें तयार होणारें आम्ल पोलादी पत्र्यास आंतून खात राहतें. बाहेरून मात्र काळा रंग चकचकीत दिसतो. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडावर तैलरंग फांसावा, तशांतलाच हा प्रकार होय. जतन केल्याचें समाधान मिळतें, जतन मात्र होत नाहीं.

दोन्ही संकटें सोसलेलें एंजिन म्हणजे ‘फेअरी क्वीन’. इंग्लंडांतील लीड्स येथें १८५५ सालीं घडविलेलें हें एंजिन बंगालकडील ईस्ट इंडियन रेल्वेवर चाललें आणि १९०९ सालीं निवृत्त झालें. त्यानंतर कित्येक दशकें तें स्वस्थ उभें होतें. पुढें तें दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आलें, व १९९७ सालीं पुन्हां रुळांवर धांवूं लागलें. परंतु २०११ मध्यें चोरट्यांनीं त्याचे पुष्कळ भाग पळविले. मद्रासेजवळील पेरांबूरच्या कारखान्यांत त्याची दुरुस्ती झाली, आणि २०१७ सालीं तें पुन्हां गाडी ओढूं लागलें.

येथें एक शंका उभी राहते. इतके भाग नवे बसविल्यावर तें एंजिन जुनें म्हणावें काय ? माझें उत्तर असें कीं, चालतें एंजिन कधींच मूळच्या अवस्थेंत राहत नाहीं. त्याच्या नळ्या, चाकांवरील पोलादी धावा, बेअरिंगें सेवेंत असतांनाच बदललीं जात. म्हणून नवा भाग बसविणें हा दोष नव्हे. तो नवा आहे हें लपविणें हा दोष होय. कोणता भाग काढला, कोणता घातला, याची नोंद ठेवली, तर ती दुरुस्तीहि इतिहासाचाच भाग होते.

आपल्या महाराष्ट्रांत याचा विचार करण्यास नेरळासारखें दुसरें स्थळ नाहीं. आदमजी पीरभॉय घराण्याच्या धनानें व हौसेनें १९०७ सालीं माथेरानची गाडी सुरू झाली. अवघ्या दोन फूट रुंदीच्या त्या रुळांवर वळणें इतकीं अवघड कीं, जर्मनींत घडविलेल्या चार एंजिनांचीं टोकांचीं चाकें वळणाबरोबर सरकतील अशी खास योजना करावी लागली. त्यांपैकीं एक सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडांत गेलें. एक नेरळ स्थानकावर चौथऱ्यावर उभें आहे. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें हा घाटमार्ग उद्ध्वस्त केला, तो २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. मार्ग कोसळला तेव्हां सर्वांनीं तो पाहिला, म्हणून तो उभाहि राहिला. चौथऱ्यावरील एंजिनाच्या पोटांतील गंज मात्र कोणास दिसत नाहीं.

तेव्हां प्रत्येक एंजिन धांवलेंच पाहिजे असें नाहीं. धुराड्यास झांकण, वर छप्पर, आंतील राखेची सफाई, पितळी-तांब्याच्या भागांची मोजदाद, एवढें तरी व्हावें. आणि त्याहून निकडीचें म्हणजे, ज्यांनीं या एंजिनांच्या भट्टींत कोळसा टाकला व त्यांची दुरुस्ती केली, अशा वृद्ध कामगारांचे अनुभव लिहून घ्यावे. लोखंड पुन्हां ओततां येतें. हाताचें ज्ञान त्या हाताबरोबरच जातें.

देवळांत मूर्ति बसविली म्हणजे पूजेची सोय करावी लागते, हें पोखर्णीच्या यात्रेकरूस सांगावें लागत नाहीं. चौथऱ्यावर एंजिन बसवितांनाहि तेवढेंच ध्यानांत ठेवावें.